कोमट पाणी, मऊ ब्रश आणि तो

तो माझ्या शिवणखोलीत आला, तेव्हा माझे दात पेल्यात होते.

म्हणजे, दात जागेवरच होते हो... पेल्यात होतं ते माउथगार्ड. रात्री घोरू नये म्हणून दातांच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या जबड्याचं माप घेऊन बनवून दिलेलं. वरच्या आणि खालच्या दातांचे दोन पारदर्शक साचे एकमेकांना जोडलेले. तोंडात घातलं की खालचा जबडा जरासा पुढे राहतो आणि श्वासाची वाट मोकळी होते. आठवड्यातून एकदा ते साफ करायची गोळी टाकलेल्या पाण्यात भिजवावं लागतं. घरी ते जमत नाही, कारण माझी भाची हाताला लागेल ते खिडकीतून बाहेर धाडते. म्हणून ते काम मी नाट्यगृहातच उरकायचे. दुपारच्या वेळी आमच्या शिवणखोलीकडे कुणी फिरकत नाही.

त्या दिवशी मात्र दार ढकलून एक उंच माणूस आत आला. खांद्याला चामड्याची बॅग, बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या, केसांत पावसाचे थेंब.

"माफ करा, हात धुवायला बेसिन कुठे..." आणि तो थांबला. पाण्यात बुडबुडे, बुडबुड्यांत माझा जबडा. "हे काय आहे?"

"नाटकातलं," मी पटकन म्हटलं. "म्हाताऱ्या सावकाराची कवळी."

"अरे वा!" तो वाकून बघायला लागला. "हुबेहूब जमलंय. तुम्ही बनवलंत?"

"माझ्याच मापाने झालंय," मी म्हटलं. हे तरी खरं होतं.

तो हसला. हसताना त्याचा एक डोळा दुसऱ्याच्या आधी मिटतो, हे मी तेव्हाच पाहून ठेवलं. कपड्यांवर काम करणाऱ्या बाईची नजर, दोन बाह्यांतला फरक लगेच कळतो.

तो पियानो सुरात लावणारा होता. नव्या नाटकात रंगमंचावर खराखुरा पियानो होता आणि नायिका तो खरंच वाजवायची, म्हणून तालमी सुरू झाल्यापासून त्याला यावं लागत होतं. त्या दिवसानंतर तो रोज माझ्या खोलीत हात धुवायला यायला लागला.

"पियानोत एवढी धूळ असते?" मी एकदा विचारलं.

"नसते," तो साबण लावत म्हणाला. "पण बाकीच्या बेसिनजवळ शिवणयंत्र नाही."

"म्हणजे यंत्रासाठी येता?"

"यंत्राला तेल हवंय. डावीकडे कुरकुरतंय. दारातूनच ऐकू येतं."

मी तेल घातलं. यंत्र लोण्यासारखं चालायला लागलं... आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. असले कान! याला दारातून यंत्राची कुरकुर ऐकू येते, आणि मी? माझं घोरणं ऐकून शेजारच्या आजोबांनी एकदा भिंतीवर काठी आपटली होती. म्हटलं, बाई गं, नजर खाली ठेव, टाके घाल. हा माणूस तुझ्या कामाचा नाही.

शिवाय माझ्यापुढे काम वेगळंच होतं. नाटक दौऱ्यावर निघणार होतं आणि काहीही झालं तरी या वेळी मला जायचं होतं. मागच्या दौऱ्यात मी आणि केसांचे टोप सांभाळणाऱ्या ताई एका खोलीत होतो. पहिल्याच मुक्कामाला ताई गादी उचलून जिन्यात झोपायला गेल्या आणि सकाळी मॅनेजरकाकांना म्हणाल्या, "एक तर ही, नाहीतर मी." टोप नसतील तर राजा टकला दिसतो, हुक नसेल तर टाचणी चालते. मला परत पाठवलं. माझे कपडे कुणीतरी टाचण्यांवर निभावले. तेव्हाच मी ठरवलं होतं की पुढच्या वेळी माझे कपडे आणि मी सोबतच जाणार. त्यासाठीच ते माउथगार्ड होतं.

आणि तेच एके दुपारी गेलं.

रंगमंचावर कुणाचं तरी बटण तुटलं म्हणून मी धावत वर गेले होते. परत आले तर तो बेसिनपाशी उभा, हातात चहाची इलेक्ट्रिक किटली, चेहऱ्यावर मोठा परोपकार.

"तुमच्या सावकाराची कवळी उकळत्या पाण्याने धुऊन ठेवलीय," तो म्हणाला. "नटाच्या तोंडात जाणार ना? माझी आई नर्स आहे. आमच्याकडे शंका आली की उकळायचं."

मी पेल्यात पाहिलं. उन्हात विसरलेल्या मेणबत्तीसारखं ते एका बाजूला वाकलं होतं. मी ते दातांवर बसवून पाहिलं, त्याच्यासमोरच. बसेना.

"अहो, ते तुम्ही तोंडात..." त्याचा चेहरा पडला.

"सावकाराचं नाहीये ते! माझं आहे! मी घोरते!"

वर चाललेल्या तालमीतला संवाद मध्येच थांबला. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तो मात्र हसला नाही. त्याने किटली खाली ठेवली, हळूच... जणू तीही वाकडी होईल.

"दौरा कधी आहे?" त्याने विचारलं.

"अगदी तोंडावर आलाय."

"मग चला. आत्ता. डॉक्टरांकडे."

"तुम्ही कशाला?"

"उकळलं कुणी?"

डॉक्टरीणबाईंनी ते वाकडं प्रकरण बोटांत फिरवलं आणि आम्हा दोघांकडे असं पाहिलं, जणू आम्ही शाळेत खिडकीची काच फोडून आलो होतो. माझ्या जबड्याचं माप पुन्हा घेतलं. मग त्याला समोर बसवून म्हणाल्या, "ऐका. गरम पाणी कधीच नाही. गार किंवा कोमट. टूथपेस्टही नाही, ती खरखरीत असते, ओरखडे पडतात आणि त्यांत घाण धरते. मऊ ब्रश, साध्या साबणाचा थेंब. रोज सकाळी तोंडातून काढलं की लगेच. मग नीट वाळवून भोकं असलेल्या डबीत."

"ऊन?"

"ऊन नको."

"म्हणजे पियानोसारखंच," तो खूश होऊन म्हणाला. "ऊन नको, कोंडलेली ओल नको."

"एवढं कळतं तर उकळलंत कसं?"

"पियानो धुवायची वेळ कधी आली नव्हती."

डॉक्टरीणबाई तोंड फिरवून हसल्या. मी हसले नाही... म्हणजे बाहेर जिन्यात येईपर्यंत नाही. तिथे मात्र इतकी हसले, की कठड्याला धरावं लागलं. तो पाहत राहिला. मग म्हणाला, "मी 'तू' म्हटलं तर चालेल?" मी म्हटलं, "जबडा बघितलास, आता काय राहिलंय?"

नवं माउथगार्ड वेळेत होईल याची खात्री नव्हती. पण आता लपवाछपवीचा मला कंटाळा आला होता. मी सरळ मॅनेजरकाकांच्या खोलीत गेले. ताईही तिथेच होत्या, टोप विंचरत.

"मी घोरते," मी म्हटलं. "इलाज केलाय. तो वेळेत आला तर ठीक, नाही आला तर मी कपड्यांच्या पेट्यांजवळ झोपेन. पण दौऱ्यावर मी येणार. माझे कपडे टाचण्यांवर जाणार नाहीत."

काकांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी टोपाला एक झटका दिला. "इलाज आला नाही तर या वेळी जिन्यात तू झोपायचंस," त्या म्हणाल्या. "मी नाही."

"कबूल."

निघायच्या सकाळी गाडी सुरू झाली तरी नव्या माउथगार्डचा पत्ता नव्हता. मी कपड्यांच्या पेट्या मोजत होते आणि मनातल्या मनात जिन्यात अंथरूण घालत होते. तेवढ्यात तो धापा टाकत आला; पियानोसोबत त्यालाही दौऱ्यावर घेतलं होतं. एका हातात चामड्याची बॅग, दुसऱ्यात छोटी निळी डबी, आत माझं नवं माउथगार्ड.

"भोकं मोजून घे," तो म्हणाला. "दुकानात सगळ्यांत जास्त भोकांची हीच होती."

पहिल्या मुक्कामी ताई गादीवरच झोपल्या. सकाळी त्यांनी आपल्या चहातला अर्धा मला ओतून दिला.

आणि रोज सकाळी, ज्या नाट्यगृहात असू तिथल्या बेसिनपाशी, तो पेला घेऊन हजर व्हायचा. आधी पाण्याचा थेंब मनगटावर टाकून बघायचा. मग पेला माझ्याकडे सरकवायचा. मी ब्रश फिरवायचे, तो स्वच्छ फडका धरून उभा राहायचा. आमची बोटं पेल्याशी लागायची... आणि दोघंही पाणी फारच गरम असल्यासारखी हात मागे घ्यायची.

एके सकाळी तो म्हणाला, "हे मला दौरा संपल्यावरही करायला आवडेल. म्हणजे... तुझ्या घरी. किंवा माझ्या. किंवा... आपल्या."

ब्रश माझ्या हातातच राहिला. हो म्हणावं असं इतकं वाटलं, की जीभ चावली. पण नंतर डोक्यावर उशी दाबून पस्तावणारा माणूस मला नको होता.

"आधी ऐकायचं," मी म्हटलं. "मग बोलायचं."

"काय ऐकायचं?"

"मला. हे न घालता. आज दुपारी मी विंगेत झोपणार, तू बसायचंस. आणि मग खरं सांगायचं. 'गोड वाटतं' वगैरे म्हणालास तर फडक्याने मारीन."

दुपारी मी झग्यांच्या ढिगावर आडवी झाले. झोप कसली येतेय, असं म्हणेपर्यंत लागली.

जाग आली तेव्हा तो पियानोच्या स्टुलावर बसला होता. तारा पिळायची किल्ली मांडीवर तशीच, पियानोचं झाकण उघडं.

"लावला नाहीस?"

"कसा लावणार? त्याचा आवाज ऐकू आला तर ना."

मी उठून बसले. घसा कोरडा पडला होता. "खरं सांग."

"मोठं घोरतेस," तो म्हणाला. "फार मोठं. त्रास झाला मला. वर तालमीच्या खोलीतला पियानोही लावायचाय, तिथे शांत असतं. दोनदा उठून निघालो."

"मग गेला का नाहीस?" माझा आवाज बारीक झाला.

"जिन्यापर्यंत गेलो. पण तू मध्येच थांबतेस. एकदम शांत. मग मला वाटतं, हिचा श्वास चाललाय ना? आणि परत येऊन बघावं लागतं." तो किल्ली बोटांत फिरवत राहिला. "दोन्ही वेळा आलो, तोवर तू पुन्हा सुरू झाली होतीस. एवढा बरा आवाज मी कधी ऐकला नव्हता. ते रोज घालत जा गं. माझ्या कानांसाठी नको, तुझ्या श्वासासाठी. धुवायचं मी बघतो."

माझे डोळे भरून आले. मी तोंड उघडलं...

"पियानो झाला का रे?" बाहेरून काकांची हाक आली. "लोक यायला लागतील!"

तो ताडकन उठला. "एक शब्द बोलू नकोस आता. हे धर." माझ्या हातात त्याने फेल्टच्या जाड लोकरी कापडाची लांब पट्टी दिली, तारांमध्ये खोचून बाजूच्या तारा गप्प करायची. मी ती धरली. तो एकेक तार ऐकत होता, किल्ली केसभर फिरवत होता, पुन्हा ऐकत होता. मी श्वाससुद्धा जपून घेत होते. एवढा माणूस दुपारभर माझा गोंगाट ऐकत बसला, मला याच्यासाठी थोडं गप्प बसता येऊ नये? तो एक शब्द तोंडात धरून मी शेवटच्या तारेपर्यंत उभी राहिले.

त्याने झाकण लावलं. किल्ली खिशात ठेवली. माझ्याकडे वळला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

"हं," तो म्हणाला. "आता बोल."

"हो," मी म्हटलं. "पण पाणी कोमट. मनगटावर बघून. जन्मभर."

त्याचा एक डोळा आधी मिटला, मग दुसरा. बाहेर लोक खुर्च्यांवर बसायला लागले होते, आणि नायिकेच्या झग्याला अजून एक हुक लावायचा होता.