हजर पडदे

समुद्रतळावरच्या ‘वरुणी’ प्रयोगशाळेत डॉ. हेरंब वालावलकर पुन्हा एकदा वैतागले होते. जागेअभावी तिथे दोन संगणकांना मिळून तीनच पडदे होते. एक संगणक आतली हवा सांभाळायचा, दुसरा तळाच्या खडकाला भोक पाडणारं वेधनयंत्र चालवायचा. वेधन सुरू झालं की तिन्ही पडदे तिकडे द्यावे लागत. ते परत घ्यावेत, तर हवेच्या संगणकाने सगळे तक्ते आणि आलेख एका कोपऱ्यात एकावर एक कोंबलेले असत. ते जागच्या जागी लावता लावता वालावलकरांच्या तोंडाचा पट्टा सुरू होई.

तो ऐकायला खाली एकच माणूस होतं, इलेक्ट्रॉनिक्स अभियंता प्रियंवदा कुलथे. तिचे कान किटले, तेव्हा तिने कारण समजावलं. संगणक पडद्याला सतत विचारत असतो, आहेस का? उत्तर आलं नाही की पडदा गेला असं समजून तो पसारा गोळा करतो.

“मग उत्तर आपणच देत राहू,” ती म्हणाली. “पडदा असो वा नसो.”

तिने काडेपेटीएवढे तीन ‘प्रतिसादक’ बनवून केबलींमध्ये बसवले. पडदा दुसरीकडे गेला तरी प्रतिसादक त्याच्या नावाने हजेरी लावी. मांडणी तसूभरही हलेना. वालावलकर चक्क हसून जेवले.

पुढच्या आठवड्यात कठीण खडक लागला आणि पडदे दिवसभर वेधनाकडेच राहिले. दुपारपासून वालावलकरांचं डोकं ठणकू लागलं. त्यांनी खडकाला दोष दिला, वेधनयंत्राला दिला, शेवटी प्रियंवदाच्या चहालाही. ती चिडून काही सुनावणार, तर तिला शब्दच सुचेनात. श्वास अपुरा पडत होता. धडपडत जाऊन तिने तिन्ही पडदे हवेच्या संगणकाकडे वळवले.

मांडणी जशीच्या तशी, सुरेख होती. मधोमध लाल चौकट होती: ‘कार्बन डायऑक्साइड वाढत आहे. राखीव शोषक सुरू करू का?’ पडद्यांतच बसवलेला भोंगा आता कुठे कोकलू लागला. तिने होकाराची कळ दाबली. शोषकाचे पंखे घरघरले. दोघंही जमिनीवर बसून हवा ओढत राहिली.

बोलता येऊ लागताच वालावलकर संगणकावर घसरले. हवा शुद्ध करणारा मुख्य शोषक पूर्वीही एकदा असाच अडला होता, पडदे तेव्हाही वेधनाकडेच होते, आणि याने कोणालाही न विचारता राखीव शोषक सुरू केला होता. मग आजच हा ठोंब्यासारखा बसून का राहिला?

प्रियंवदाला त्याच्या रचनेतला नियम आत्ता आठवला. एकही पडदा जोडलेला नसेल, तर पाहणारं कोणी नाही असं धरून संगणक स्वतः निर्णय घेतो. पडदा असेल, तर माणसाला विचारतो आणि थांबतो.

“तो थांबला, सर,” ती म्हणाली. “आपण समोर बसून बघतोय, असं मीच त्याला सांगत होते.”