थेंबच्या तोंडाला लाल काय लागलं?

"खबरदार! या वासराला कोणी हात लावला तर तो हात इथेच ठेवून जावा लागेल!"

ताई गोठ्याच्या दारात पाय रोवून उभी होती. वय तेरा, आवाज तेहतीस हत्तींचा! तिच्या मागे तासाभरापूर्वी जन्मलेलं वासरू उभं राहायची खटपट करत होतं. चार पाय, चार दिशा! कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून नाव पडलं थेंब.

समोर होते सुट्टीला आलेले तिचे दोघे चुलतभाऊ. मोठा चष्म्या आणि आठ वर्षांचा शेंगदाणा.

"ताई, आम्ही नुसतं बघतोय गं," चष्म्या म्हणाला.

"मागच्या तिघांकडेही सगळे नुसतं बघतच होते!"

आठ दिवसांत तीन वासरं गेली होती. प्रत्येकाची तीच गत. दोन दिवस उड्या, तिसऱ्या दिवशी पांढरी पातळ हगवण, मग डोळे खोल, कान दगडासारखे थंड. पाचव्या दिवशी कप्पा रिकामा! आणखी दोन आजारी वासरं पलीकडच्या शेडमध्ये वेगळी ठेवली होती. मधे चांगली पुरुषभर उंच भिंत.

"ताई, थेंबपण...?" शेंगदाण्याला पुढचं विचारवेना.

"नाही! गाईचा पहिला चीक मी स्वतः पाजलाय त्याला. बाबांचा नियम आहे, चीकही दुधाच्या पाळीलाच, सकाळी सहा किंवा संध्याकाळी सहा. म्हटलं, गेला नियम खड्ड्यात!"

तेवढ्यात मुकादम आले. त्यांच्या मिशा एवढ्या दाट की एकदा त्यांत हरवलेला कंगवा म्हणे आठवडाभर शोधूनही सापडला नव्हता! वासरांना दूध पाजायचं काम त्यांचं.

"पोरांनो, उगाच जीव जाळू नका. बाटल्या मी उकळतो, बूट औषधाच्या पाण्यात बुडवतो. तरी रोग भिंत ओलांडतोच. पाय फुटलेत त्याला!"

ते गेल्यावर चष्म्याने चष्मा पुसला. "पाय फुटलेत, तर पायांचे ठसे उमटवू. शेंगदाण्या, खिसा दाखव!"

"नाही!"

"दाखव म्हणतो ना!"

खिशातून निघाले उकडलेल्या बिटाचे चार तुकडे. नावडती भाजी ताटातून खिशात पोचवण्यात या पठ्ठ्याचा हात कोणी धरला नसता! "आजारी वासरांच्या तोंडाला हा रंग लावू. रोग जिथे जाईल, तिथे तो उमटेल," चष्म्या म्हणाला.

पाळीच्या थोडं आधी तिघं आजारी शेडमध्ये शिरली. हातापायांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून. आत आंबूस, जड वास कोंडला होता. वासरं हंबरतही नव्हती. एकाने मान उचलली, अर्धी, आणि परत टाकली. त्याचे डोळे कोणीतरी आतून ओढून धरल्यासारखे दिसत होते. ताईने पटकन दोन्ही वासरांच्या ओठांना बीट चोळलं. पिशव्या बाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून तिघांनी कोपरापर्यंत साबण लावला.

सहा वाजले. मुकादम आधी आजारी शेडमध्ये गेले. 'आधी दुबळ्यांचं पोट, मग धडधाकटांचं' हा त्यांचा बाणा. नंतर ते थेंबच्या कप्प्यात शिरले. नेमकी तेव्हाच बाबांनी तिघांना जेवायला हाक मारली!

दोन घास कोंबून तिघं धावत परतली आणि शेंगदाणा किंचाळला.

"रक्त! थेंबच्या तोंडातून रक्त!"

थेंबचे ओठ लालभडक होते, जीभसुद्धा. चष्म्याने वाकून पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

"रक्त नाही. बीट आहे."

"मग घाबरायचं कशाला?" शेंगदाणा म्हणाला.

ताई ओरडली, "अरे, तिकडचं बीट इथे आलं, म्हणजे तिकडचा रोगही आला! याच्या तोंडात!"

आजारी वासरांना तपासायला गुरांच्या डॉक्टरबाई आल्याच होत्या. तिघांनी त्यांना, बाबांना आणि मुकादमांना जवळजवळ ओढतच आणलं.

"बाटल्या उकळलेल्या होत्या!" मुकादम गरजले.

"दूध कसं पाजता, ते करून दाखवा बरं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"त्यात काय? आधी दोन बोटं तोंडात द्यायची, वासरू चोखायला लागलं की बाटली..." मुकादमांचा आवाज विरत गेला. त्यांनी बोटं डोळ्यांपुढे धरली. वासरांच्या नाळेला आयोडीन लावून कायमची तपकिरी झालेली बोटं. त्यांवर लाल रंग त्यांना दिसलाच नव्हता. "मी... विजारीला पुसतो की!"

"आणि आधीच्या तिघांना चीक कधी दिला?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"पाळीला," बाबा पुटपुटले. "रात्री जन्मली ती. सकाळी दिला."

"अहो, पहिला श्वास घेतला की लोखंडाला हवा लागावी तसा वासराच्या अंगात जणू गंज चढायला लागतो. तो थोपवायला चीक लागतो, जंतूंशी लढायलाही तोच. उशिरा दिला तर आतडं तो नीट घेतच नाही. थेंबला वेळेवर मिळालाय, म्हणून आशा आहे. पण खात्री नाही देत मी."

खात्री नाही! पुढचे दोन दिवस तिघांचे कसे गेले ते त्यांनाच ठाऊक. तिसऱ्या दिवशी थेंबला हगवण लागली. कान गार पडले. ताई गोठ्यातून हललीच नाही. दुधाच्या मधल्या वेळात दर दोन तासांनी मीठ-साखरेचं पाणी, पाठीवर पोतं, डॉक्टरबाईंचं इंजेक्शन. चौथ्या दिवशी तो उठलाच नाही. शेंगदाणा त्याच्या कानाला हात लावून बसला आणि दर पाच मिनिटांनी सांगत राहिला, "गारच आहे. अजून गारच आहे."

पाचव्या दिवशी दुपारी तो एकदम ओरडला, "ताई! कान कोमट!"

संध्याकाळी थेंबने बाबांना अशी ढुशी दिली की ते थेट गवताच्या ढिगात!

"घ्या! हाच खरा डॉक्टरचा दाखला!" डॉक्टरबाई हसल्या. पलीकडची दोघंही आता उठून दूध पीत होती. "या पोरांनी जे शोधलं ते मलाही सुचलं नव्हतं हो!"

गवत झटकत बाबा उठले. "चीक आता जन्मल्या जन्मल्या. आणि पाजताना आधी नवजात, शेवटी आजारी. ताई, तुझाच नियम!"

मुकादम साबणाने घासघासून आले आणि दोन्ही हात शेंगदाण्यापुढे धरून उभे राहिले.

"बघा साहेब. शिरू आत?"

शेंगदाण्याने दहाही बोटं उलटसुलट तपासली. मागे थेंब भुकेने हंबरडा फोडत होता.

"नखं राहिली! परत जा!"

मुकादम मुकाट्याने नळाकडे वळले.