एकोणिसावा नकाशा

"मेलेला माणूस मला खोटारडी म्हणतोय," असं म्हणत वेदवतीनं खुर्चीत बसायच्या आधीच कागद टेबलावर आपटला.

शंभूरावांनी चष्मा पुसला. तीस वर्षं पोस्टात टपाल निवडलेला माणूस, पण असलं पत्र त्यांच्या हातून गेलं नव्हतं. बायको गेल्यापासून विजयनगर वस्तीतल्या घरात भिंतींशी बोलून बोलून किती बोलणार? म्हणून रोज सकाळची बस धरून ते सरस्वतीपुरमला तुंगाबाईंच्या खोलीवर येऊन बसत. तुंगाबाई पूर्वी विमा कंपनीत खोटे दावे पकडायच्या. एकदा साहेबाच्या मेव्हण्याचाच दावा पकडला आणि नोकरी गेली. तेव्हापासून खाजगी तपास.

"आधी बस. मग पहिल्यापासून सांग," तुंगाबाई म्हणाल्या.

"मॅनेजर लोक विचार कसा करतात, यावर माझी पीएचडी आहे. सहा वर्षं झाली. पंपांच्या एकाच कारखान्यातले एकोणीस मॅनेजर घेतले. धंदा वर का गेला, खाली का आला, ते प्रत्येकाला विचारायचं. कशामुळे काय झालं ते चौकटी आणि बाण काढून त्याच्याच हातानं कागदावर उतरवायचं. डोक्यातला नकाशाच म्हणा."

"आणि काय निघालं डोक्यातून?"

"अठरा नकाशे एकसारखे. नफ्याच्या वर्षी बाण 'आमचं धोरण' या चौकटीतून निघतो. तोट्याच्या वर्षी दुष्काळातून, सरकारातून, युनियनमधून."

"याला सहा वर्षं? आमच्या गल्लीतल्या किराणावाल्यानं फुकट सांगितलं असतं."

वेदवती हसली नाही. "एकोणिसावा वेगळा होता. तिरुमलराव, रिटायर्ड जनरल मॅनेजर, बोगादीला राहायचे. ओतकामाची फाउंड्री बंद केली आणि एकशेचाळीस माणसं घरी बसवली, ती चूक माझी, संपाला उगाच दोष दिला, असं त्यांनी स्वतःच्या हातानं काढलं. पहिली चौकट होती 'बाहेरचा सल्ला'. तिथून बाण 'माझा गर्व' या चौकटीकडे."

"कधी काढलं?"

"गेल्या महिन्यात नऊ तारखेला, सोमवारी दुपारी. नुकतेच जेवून उठले होते. मला कॉफी दिली. स्वतः घेईनात. म्हणाले, आज एकदाच जेवण, आता परत काही नाही. गुरुवारी गेले. तो नकाशा आमच्या विभागातल्या कपाटातून नाहीसा झालाय. कुलूप इतकं तकलादू, की केसातल्या पिनेनं उघडतं. कारखान्याची माणसंही तिथं येत-जात असतात. आणि टपालानं विभागात हे आलं. परवा समिती बसणार. खोट्या मुलाखती रचते म्हणून माझं नाव काढून टाकतील."

तुंगाबाईंनी कागद शंभूरावांपुढे सरकवला. इंग्रजीत टाइप केलेलं पत्र, बुधवार, अकरा तारखेचं. मजकूर चारच ओळींचा: कु. वेदवती सोमवारी मला भेटल्याचं सांगते असं कळलं. सोमवारी एकादशी होती. त्या दिवशी मी निर्जळ असतो, कोणालाही भेटत नाही. तिनं माझ्या नावावर जे लिहिलं ते खोटं.

खाली अर्धा कागद कोरा. मग अगदी तळाला सही.

"सही त्यांचीच," वेदवती पुटपुटली. "तेच तर."

"शंभूराव, काय दिसतं?"

"चार ओळींसाठी अख्खा कागद नासला बाई."

"हौदु, बरोबर," तुंगाबाई म्हणाल्या. "नासला खरा."

*

कारखान्यात खंडोजीराव भेटले. वीस वर्षं ते तिरुमलरावांचे पी.ए. होते आणि आता नव्या साहेबाचे.

"कोऱ्या कागदांवर सह्या?" ते ओशाळले. "सगळेच मॅनेजर करतात हो. दौऱ्यावर निघाले की पाच-दहा कोऱ्या कागदांवर तळाला सही करून द्यायचे. वर मी पत्र टाइप करायचं. रिटायर झाले तेव्हा सहा उरले होते. परवा बघितलं तर पाच."

"ड्रॉवरला कुलूप?"

"कुलूप कशाला, सुम्मने, उगाच. त्यांच्या सूनबाई पेन्शनच्या कागदासाठी दोनदा येऊन गेल्या. प्रोफेसर गंगाधरराव पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची परवानगी मागायला आले होते. टेबलाशी बसवून मी आत गेलो की झालं."

"आणि तुम्ही स्वतः?"

"मी?" खंडोजीराव तडकले. "बाई, आमचे पणजोबा महाराजांच्या घोडदळात होते. चोऱ्या करत नव्हते."

"घोडदळातले काय करत ते मला विचारू नका. साहेबांची एकादशी कोण सांभाळायचं?"

"मीच. मठातून दर महिन्याला चिठ्ठी यायची, ती टेबलाच्या काचेखाली ठेवायची. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता."

शंभूरावांना वाटलं, बाई उगाच देवाधर्मात शिरतायत. पण ते बोलले नाहीत. कोणी सोबत घेतंय हेच पुष्कळ.

*

बोगादीच्या घरात तिरुमलरावांच्या सुनेनं, नागरत्नानं, दार अर्धंच उघडलं. तिचा नवरा त्याच कारखान्यात होता. घर नवं, मोठं, आणि आत चिटपाखरू नाही. पडवीतल्या आरामखुर्चीवर चादर टाकलेली.

"मामंजी माझ्याशी काय बोलणार?" ती म्हणाली. "मला काही माहीत नाही. गेल्या माणसाचं नाव कशाला काढता?"

"शेवटच्या आठवड्यात जेवणखाण कसं होतं?"

हा प्रश्न तिला सोपा वाटला. "मंगळवारी पाण्यालाही शिवले नाहीत. बुधवारी पहाटे साडेपाचला उठून मी पारण्याचं ताट वाढलं. केळफुलाची भाजी केली होती. आवडीनं जेवले. दुसऱ्या दिवशी..." तिनं पदर डोळ्यांना लावला.

सोमवारी कोणी आलं होतं का? ती माहेरी, नंजनगुडला गेली होती. सांजेला परतली. धुवायला कॉफीचा एकच पेला होता.

*

प्रोफेसर गंगाधरराव, वेदवतीचे मार्गदर्शक, हाकेच्या अंतरावर राहत. शेल्फात त्यांचं गाजलेलं पुस्तक मांडलेलं. पाचवं प्रकरण त्याच पंपांच्या कारखान्यावर: 'धाडसी धोरणाचा आदर्श'.

"पोरगी हुशार आहे," ते हळहळले. "पण घाई नडली. सोमवारी एकादशी. मी स्वतः उपास धरतो, त्या दिवशी घराबाहेर पडलो नाही. आणि ही म्हणते, तिरुमलरावांसारख्या कडक माणसानं जेवून उठून मुलाखत दिली! कोण विश्वास ठेवील?"

"फाउंड्री बंद करायचं धोरण तुम्ही पुस्तकात फार उचलून धरलंय."

"जवळून पाहिलंय ते मी. नंतर युनियननं घात केला, दुष्काळ पडला, त्याला कोण काय करणार?"

रस्त्यावर आल्यावर तुंगाबाई एकदम म्हणाल्या, "शंभूराव, तुमच्या घरी एकादशी कोण करायचं?"

"ही करायची. कॅलेंडर बघून."

"तिथंच तर सगळं आहे," असं म्हणून त्या झपझप पुढे गेल्या. शंभूराव मागून चालत राहिले. घरातलं कॅलेंडर गेल्या दोन वर्षांत उलटलेलं नाही, हे त्यांना आत्ता आठवलं.

*

समितीच्या आदल्या संध्याकाळी तुंगाबाईंनी सगळ्यांना गंगाधररावांच्याच बैठकीत गोळा केलं. खंडोजीराव उभेच राहिले. नागरत्ना दाराशी, वेदवती कोपऱ्यात.

"पत्र खोटं आहे, सही खरी आहे," तुंगाबाईंनी सुरुवात केली. "माणूस पत्र लिहून संपवतो आणि तिथंच खाली सही करतो. इथं सही आधी होती आणि मजकूर तिला पुरला नाही. म्हणजे सहावा कोरा कागद हाच. तो तिघांच्या हाताशी होता. खंडोजीराव, नागरत्ना आणि आपण, प्रोफेसर."

"हा काय तमाशा आहे?" गंगाधरराव गुरकावले.

"थांबा की री, प्रोफेसर, अजून उपास सोडायचाय. पत्रात लिहिलंय, सोमवारी एकादशी. तिरुमलराव माध्व, म्हणजे वैष्णव. मठ सांगेल ती त्यांची एकादशी. बहुतेक महिन्यांत ती आणि कॅलेंडरवरची स्मार्तांची एकाच दिवशी येते. कधीतरी फुटते आणि माध्वांची दुसऱ्या दिवशी जाते. गेल्या महिन्यात फुटली. मंगळवारी ते निर्जळ होते, बुधवारी पहाटे पारणं. सोमवार त्यांची दशमी. दशमीला एकदाच जेवण. या पोरीला ते तेच म्हणाले होते, आणि तिला त्याचा अर्थही ठाऊक नव्हता. खोटं रचणारी असली बारीक गोष्ट रचत नाही."

खंडोजीरावांनी मान डोलावली.

"ज्यानं पत्र टाइप केलं त्याला सोमवार हीच एकादशी वाटली. नागरत्नानं पारण्याचं ताट वाढलं होतं, तिला वार चुकणार नाही. खंडोजीरावांनी वीस वर्षं मठाची चिठ्ठी काचेखाली ठेवली, ते कॅलेंडर बघून साहेबांची एकादशी लिहिणार नाहीत. सोमवारी उपास कोणी केला? तुम्ही केला, प्रोफेसर. तुम्हीच सांगितलंत. स्वतःच्या पोटावरून दुसऱ्याची तिथी ठरवलीत."

"कारण काय?" गंगाधररावांचा आवाज बारीक झाला. "मी कशाला करीन?"

"खंडोजीराव, 'बाहेरचा सल्ला' म्हणजे कोण?"

खंडोजीरावांनी खाली बघितलं. "हेच प्रोफेसर. तेव्हा यांचे केस काळे होते. सायबांना म्हणाले, फाउंड्री बंद करा, नफा दुप्पट होईल. माझा भाऊ त्या एकशेचाळिसात होता."

"तो नकाशा छापला गेला असता तर तुमच्या पाचव्या प्रकरणाचं काय उरलं असतं?" तुंगाबाई म्हणाल्या. "सहा वर्षं पोरीला शिकवलंत की मॅनेजर आपली चूक कधी बघत नाही. मग विसावा नकाशा स्वतःचा का नाही काढलात?"

गंगाधरराव खुर्चीत खचले. "परिस्थितीच तशी आली. विद्यापीठ, प्रकाशक, सगळ्यांचा दबाव..."

"ऐकलंत?" तुंगाबाई शंभूरावांकडे वळल्या. "बाण परत बाहेरूनच."

"नकाशा कुठाय सर?" वेदवती पहिल्यांदाच बोलली.

"जाळला," ते म्हणाले.

तिनं मान खाली घातली. तिचं नाव बचावलं होतं. उद्या समितीपुढे पत्र खोटं ठरणार होतं. पण एकोणिसावा माणूस गेला होता. अठरा खोट्यांसमोर एकच खरं, आणि त्याची राख. ज्यांनी दोष दुसऱ्यावर टाकला त्यांचेच कागद तेवढे शाबूत राहिले. जगाची रीत ही अशी, आणि शंभूरावांना त्या रीतीची शिसारी आली.

"मी खोटं बोलले," दाराशी नागरत्ना म्हणाली.

सगळे वळले.

"मामंजी माझ्याशी बोलायचे. रोज, दुपारी, मी भाजी निवडताना. फाउंड्री, ती माणसं, त्यांची नावं. घरात ऐकायला दुसरं होतं कोण? यांना वेळ नाही. मलाही कंटाळा यायचा. हूं हूं म्हणायचे. पण रोज तेच ऐकून सगळं पाठ झालंय." तिनं नवऱ्याच्या नोकरीचा विचार केला असावा, कारण ती क्षणभर थांबली. मग वेदवतीजवळ येऊन खालीच बसली. "समितीला चालेल का ठाऊक नाही. पण घे लिहून. माझं नाव घाल. सही पण करते, मजकूर लिहून झाल्यावर."

वेदवतीनं पिशवीतून कोरा कागद काढला. पेन्सिल टेकवली.

"पहिली चौकट?"

"त्यांचं स्वतःचं नाव लिही," नागरत्ना म्हणाली. "ते नेहमी तिथूनच सुरुवात करायचे."

खंडोजीराव हळूच पुढे आले आणि दोघींच्या शेजारी फरशीवर बसले. शंभूरावही घरी जायला उठले नाहीत. शेवटची बस निघून गेली तरी ते ऐकत राहिले.