आधी दोन, मग तीन

बँड तिघांचाच. ती पियानोवर, नवरा काँगा ढोलांवर आणि धाकटा दीर डबल बेसवर. सराव सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत, तोही दुपारी, कारण तेव्हा खालची ठोकाठोक जेवायला थांबायची. आफ्रो-क्यूबन ठेक्यावर आजचं जॅझ बसवायचं, हा हट्ट तिचा.

त्या ठेक्याचा कणा म्हणजे दोन लाकडी दांडक्यांचे पाच ठोके. तीन विचारतात, दोन उत्तर देतात, असं नवरा सांगायचा. दांडकी कुणी वाजवो न वाजवो, ते पाच ठोके सगळ्यांच्या डोक्यात चालू हवेत. आणि एकदा धरले की मध्येच उलटायचे नाहीत, यावर तो अडून बसायचा.

हिने नव्या रचनेत नेमकं मधलं अर्धं आवर्तन कापलं. उत्तर आधी, प्रश्न मागून.

"वहिनी, उलट्या पावलांनी चालल्यासारखं वाटतंय," दीर म्हणाला.

"होईल सवय, भाऊजी."

नवऱ्याने तोंड वाकडं केलं, पण वाजवलं. आणि काय वाजलं! तिला इतका आनंद झाला की तिने सगळं पुन्हा पहिल्यापासून वाजवायला लावलं.

घरी ती चपला काढत होती, तोच नवरा आतून म्हणाला, "घेतली गं, गोळी घेतली." ती तेच विचारणार होती. हल्ली त्याला मधूनच चक्कर यायची. डॉक्टरांनी स्कूटर बंद करायला सांगितलं होतं आणि हा पठ्ठ्या ऐकत नव्हता. तो बाहेर गेला की परत येईपर्यंत तिचा जीव टांगणीला.

गोळीचं तिला हसूच आलं. एवढ्या वर्षांच्या संसारात इतकं कळायचंच. मग एकदा दिराने फोन उचलताच सांगितलं, "आहे की, माझ्याकडेच आहे." माइकची वायर कुठे आहे, हे तिने अजून विचारलंच नव्हतं. कोपऱ्यावरचा दुकानदार तर तिला बघून "साबण संपलाय" म्हणाला आणि स्वतःच गोंधळला. "म्हणजे... काय हवं होतं तुम्हाला?"

आता मात्र ती घाबरली. पुढच्याच सरावाला तिने कापलेलं अर्धं आवर्तन परत घातलं. पण बसेना. हात आधी दोनच वाजवत. दिराने नुसत्या टाळ्या वाजवून पाहिल्या, त्याही दोनापासून सुरू झाल्या.

"सांगत होतो मी," नवरा एवढंच म्हणाला. मग त्याने काँगाचं सैल झालेलं कातडं चाचपलं. "हे बदलून आणतो."

"टॅक्सीने जा ना."

"दोन गल्ल्या तर आहेत. आलोच."

खाली स्कूटर सुरू झाली, वळणावर आवाज बारीक झाला. दीर बेसच्या तारा पुसत बसला. ती हळूहळू मोजत वाजवू लागली. तीन, मग दोन. बोटं ऐकेनात.

तिने हात थांबवले.

"हो," ती शांतपणे म्हणाली, "मीच त्यांची बायको."

दिराने मान वर केली. "कुणाशी बोलताय, वहिनी?"

पियानोच्या झाकणावर तिचा फोन पालथा पडला होता. तो अजून वाजला नव्हता.