सिग्नेचं उन्हाळरात्रीचं गाणं

फेरीबोटीच्या कठड्यावर सिग्ने तळहात आपटत होती. सॉम... मेर... नात, म्हणजे उन्हाळरात्र. पहिला ठोका जोरात, पुढचे दोन हलके. फ्योर्डच्या चिंचोळ्या खाडीवर भुरभुर पाऊस पडत होता, पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं.

"मारा, मारा... फक्त बोट बुडवू नका म्हणजे झालं!"

तिनं वळून पाहिलं. हातात दोराचं वेटोळं, कपाळावर भिजलेले केस नि ओठांवर खट्याळ हसू. बोटीवरचा खलाशी, एलिंग.

"चर्चमधली आमची गायकमंडळी 'उन्हाळरात्र' म्हणताना 'रात्री'वर आपटतात," ती म्हणाली. "जोडशब्दाचा भार पहिल्या तुकड्यावर हवा ना! गाणं मी रचलंय... पहिलंच. रविवारपर्यंत सुधारलं नाही तर पाद्रीबाबा ते कायमचं वगळणार."

"मग काय करणार?"

"सुधारणार! तुम्हाला गाता येतं?"

येत होतं, नि तो गायकमंडळीत सरावाला येऊ लागला. आवाज चांगला भरदार होता... पण नेमका त्याच शब्दापाशी एलिंग रोज घसरायचा. मग सराव संपल्यावर सिग्ने त्याला मागे थांबवायची, टाळी देत एकेक तुकडा म्हणून घ्यायची. तो टाळीकडे कमी नि तिच्याकडेच जास्त बघायचा.

शनिवारी ती धक्क्यावर आली, तर दोर फेकता फेकता स्वारी गात होती. तोच शब्द... अगदी बिनचूक!

"एलिंग!"

"मेलो," तो पुटपुटला.

"मुद्दाम चुकत होतात?"

"बरोबर म्हटलं असतं, तर थांबवलं असतंत मला?"

तिचे गाल तापले. पण आवाज हलला नाही. "तुमचा आवाज मोठा. तुम्ही घसरलात की मागची अख्खी रांग घसरते. माझं गाणं जाईल, एलिंग."

त्याचं हसू मावळलं. "हे... माझ्या ध्यानातच आलं नाही."

रविवारी तो शब्द जवळ आला, तसं सिग्नेनं मनोमन देवाचं नाव घेतलं नि ताल देणारा हात खाली आणला. एलिंग पहिल्या तुकड्यावर खंबीरपणे उतरला — त्याच्यापाठोपाठ सगळी रांग. पाद्रीबाबांनी डोळे मिटून मान डोलावली.

प्रार्थनेनंतर कॉफी मांडली गेली. एलिंग मात्र टोपी घेऊन दाराशी. "निघतो... सराव तर संपला."

सिग्नेनं आपल्या आईशेजारची खुर्ची ओढली. गावातल्या बायकांच्या माना वळल्या. वळू देत!

"तू मला आवडतोस," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "बस इथं... आईनं केलेलं वॉफल गार होतंय."