दावं

सिद्धराम मूळचा केम गावचा, शेतकऱ्याच्या घरातला. पण सोलापुरात नोकरी लागली आणि हातांची दोरीची सवय सुटली. नाहीतर मोटारसायकली आणायला निघालेला माणूस घरातून दोरी घ्यायला कसा विसरेल?

त्याच्या दहा वर्षांच्या मुलीला, पायलला, आणि तिच्या आत्तेबहिणीला, पूनमला, माळावर उड्या मारणाऱ्या छोट्या मोटारसायकलींचं खूळ लागलं होतं. मंगळवेढ्याजवळच्या एका वस्तीवर तसल्या दोन जुन्या गाड्या विकायच्या आहेत असं कळलं, आणि एप्रिलातल्या एका रविवारी बापलेक घरच्या सेडानमधून निघाले. टेम्पो कशाला, डिकीत मावतात की, असं सिद्धरामनं बायकोला छातीठोकपणे सांगितलं होतं.

"पट्टा लाव गं."

मागच्या सीटवर कुणी पट्ट्याविना बसलं की ही गाडी टिंग टिंग करून डोकं उठवायची. "आईपेक्षा हीच जास्त ओरडते," असं कुरकुरत पायलनं पट्टा लावला.

वस्तीवर म्हातारी रंभाबाई एकटीच होती. तिचा मुलगा धनाजी नातेपुत्याला गेलेला. सगळं बोलणं फोनवर आधीच झालं होतं. सिद्धरामनं दोन्ही गाड्यांची पुढची चाकं काढली, हँडलं फिरवून घेतली आणि घाम गाळून त्या कशाबशा डिकीत कोंबल्या. झाकण मात्र हातभर उघडंच राहिलं. बांधल्याशिवाय निघणं शक्य नव्हतं.

गोठ्याच्या छपरातल्या खुंटीवर एक जुनं दावं लटकत होतं.

"मावशी, तेवढं दावं द्या की."

"न्हाय, पावनं." म्हातारी एकदम ताठ झाली. "जनावर इकलं तरी दावं धन्याकडंच ऱ्हातं. तुमाला ठावं असंल की."

ठाऊक होतं. त्याच्या वडिलांनीही प्रत्येक बैलाचं दावं विकताना सोडून घेतलं होतं. दावं गेलं तर त्याच्यामागून गोठ्यातलं आणखी काय जाईल सांगता येत नाही, असं ते म्हणत.

"ही काय बैलजोडी हाय व्हय, मावशी?" तो हसला.

म्हातारी हसली नाही. "ह्येच दावं मागं बांधून म्या रुपालीला ह्यातलीच गाडी शिकवली. माझी नात. तुमच्या पोरीएवढीच हुती. मी मागनं धरून पळायची... एक दिस हात सुटला माझा." तिनं पदरानं तोंड पुसलं. "बसा. पानी आनते."

ती आत वळली. ऊन टाळूवर आलेलं, घर साठ किलोमीटर लांब. सिद्धरामला लाज वाटली, नाही असं नाही. पण त्यानं खुंटीवरचं दावं काढलं, झाकण करकचून बांधलं आणि पाण्याची वाटही न बघता गाडी काढली. उद्या कुणाच्या तरी हाती परत पाठवू, असं मनाशी म्हणाला.

दाव्याचं एक टोक लांब उरलं होतं. ते चाकात जाऊ नये म्हणून त्यानं थोड्या अंतरावर थांबून ते खिडकीतून आत घेतलं आणि पायलच्या हातात दिलं. "घट्ट धर. सोडू नकोस."

भर दुपारचा रस्ता. दोन्हीकडे ज्वारी निघालेलं काळं रान, भेगाळलेलं. माणूस सोडाच, कुत्रंही दिसत नव्हतं.

टिंग टिंग. टिंग टिंग.

"पायल, पट्टा."

"लावलाय, पप्पा."

समोरच्या डॅशबोर्डवर मागच्या उजव्या सीटचा दिवा लागला होता. म्हणजे त्याच्या बरोबर पाठीमागची सीट. ती तर मोकळी होती. उन्हानं बिघडलं असेल, तो म्हणाला. मग खोबरेल तेलाचा वास आला, नुकत्याच विंचरलेल्या केसांचा. पायल तेल लावत नसे.

आरशात पाहिलं तर पायल दाराकडे सरकून बसली होती, शेजारच्याला जागा करून दिल्यासारखी.

"पप्पा, ती विचारतेय, घर किती लांब आहे..."

"कोण ती?"

"तिच्याही हातात आहे ना दावं..."

भीमेच्या पुलाच्या अलीकडे त्यानं गाडी थांबवली. पायलच्या मनगटाला दाव्याचे तीन वेढे पडले होते. दाव्याचं टोक उजव्या सीटवर होतं आणि तिथली गादी खोलगट दबलेली होती. वेढे सोडवायला त्याचे हात धजेनात. त्यानं तशीच गाडी वळवली. माझ्या चुकीची शिक्षा पोरीला नको, एवढंच तो पुटपुटत होता.

रंभाबाई दारातच उभी होती.

"मावशी, चुकलो. तुमचं दावं घ्या. गाड्याही नकोत मला."

तिनं डिकीवरची गाठ सोडली आणि ते टोक हातात धरलं. दुसरं पायलच्या मनगटालाच होतं. "ये बाई," ती हळूच म्हणाली. पायल उतरली आणि तिच्यामागून छपरात गेली.

सिद्धरामनं दोन्ही गाड्या अंगणात उतरवल्या. तेवढ्यात पायल बाहेर आली. मनगट मोकळं. दावं खुंटीवर. त्याचा जीव भांड्यात पडला.

"जावा आता," म्हातारी दारातून म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण चेहऱ्यावर कितीतरी वर्षांनी आलेलं समाधान होतं. "माजं मला मिळालं."

पुलापर्यंत गाडी अगदी गप्प होती. ना वास, ना दिवा. सिद्धराम मोकळा श्वास घेत होता. मग त्यानं आरशात पाहिलं. पायल उजव्या सीटवर बसली होती. पट्टा न लावता.

त्यानं गाडी कडेला घेतली, उतरून मागचं दार उघडलं. पायल शांतपणे समोर बघत होती. तिच्या मांडीशेजारी सीटवर त्यानं तळहात दाबला.

टिंग टिंग. टिंग टिंग.

त्यानं हात उचलला. गाडी गप्प झाली.

"पप्पा, चला ना घरी," पायल म्हणाली. ती बसली होती तिथली गादी जराही दबलेली नव्हती.