एक्केचाळीस वाक्यांची डिस्क

राहू दे गं तुझी ती डिस्क आता. लॅपटॉपला दिसत नाही म्हणतेस ना? मग उद्या उजेडात बघ. रात्री असल्या वस्तूंच्या मागे लागू नये. हसतेस काय? बस इथे. तूही ये रे, मोबाइल ठेव बाजूला. सांगतो.

ही ऐकीव गोष्ट नाही हं. ज्याच्यावर गुदरली, त्यानं माझ्यासमोर बसून सांगितलीय. कॉम्प्युटर दुरुस्त करायचा तो. आम्ही त्याला ‘फुंकर’ म्हणायचो, कारण काहीही बिघडलेलं आणा, गडी आधी त्यावर फुंकर मारणार. निम्म्या वस्तू तेवढ्यानंच चालू व्हायच्या आणि पैसे मात्र पूर्ण घ्यायचा.

तर तेवीस सालच्या नोव्हेंबरची सोळा तारीख. गुरुवार. आमच्या शेजारच्या अण्णांनी त्याला घरी बोलावलं होतं. अण्णा म्हणजे नकाशे काढण्यात जन्म गेलेला माणूस, पेन्सिलीला टोक काढतानासुद्धा श्वास रोखायचे. आणि काकू? त्या बसस्टँडवर माइकवरून गाड्या पुकारायच्या. सव्वीस वर्षं. गावातल्या प्रत्येकानं कधी ना कधी त्यांच्या आवाजावर गाडी पकडलेली. प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची सवय, ती घरीही सुटली नव्हती. “जेवायला चला, जेवायला चला.” अण्णा म्हणायचे, “अगं, मी फलाटावर नाही, समोर बसलोय.”

मग काकूंच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. ऑपरेशनच्या आधी त्यांनी काय केलं, रोज संध्याकाळी दार लावून मुलीच्या जुन्या माइकवर आपला आवाज भरून ठेवला. एक्केचाळीस वाक्यं. सगळी एका छोट्या काळ्या डिस्कवर. अण्णांना म्हणाल्या, “आत्ता ऐकायची नाहीत. घर फार गप्प वाटलं की ऐका.”

ऑपरेशन झालं. आवाज गेला. गळ्याला भोक, त्यात नळी. काही हवं असलं की काकू स्टीलच्या ग्लासावर चमचा वाजवायच्या. त्या नळीत कफ अडकला की धावत जाऊन साफ करावा लागायचा, म्हणून अण्णा कधी लांब जात नसत. वर्षभर त्यांना डिस्क लावायचा धीर झाला नाही. पण आजार उलटला, डॉक्टर म्हणाले, आता महिने नाही, आठवडे मोजा. तेव्हा काकूंनीच पाटीवर लिहिलं, ‘मला एकदा ऐकायचंय.’

अण्णांनी डिस्क लावली… कॉम्प्युटर ओळखेचना.

फुंकर दुकान बंद करून साडेनऊला पोचला. काकू आतल्या खोलीत झोपल्या होत्या, दार अर्धवट लोटलेलं. बाहेरच्या टेबलावर यानं आपला लॅपटॉप मांडला. फुंकर मारून झाली. वायर बदलली. लॅपटॉपच्या दुसऱ्या खाचेत लावून बघितली. डिस्कांच्या यादीत एक नाव क्षणभर उमटायचं, पुढे जागा किती ते कोरं, आणि नाहीसं व्हायचं. शेवटी त्यानं डिस्क कानाला लावली. आत टक्… टक्… टक्… आणि मग थांबायचं. पुन्हा टक्.

“काय म्हणतेय?” अण्णांनी विचारलं.

“अण्णा, आतली तबकडी घासली गेलीय. ही गेली.”

“गेली म्हणजे?”

“म्हणजे… मी कुणाला खोटी आशा देत नाही. मोठ्या शहरातल्या लॅबवाल्यांनाही नाही निघायचं यातून काही.”

अण्णांनी आतल्या दाराकडे बघितलं. मग म्हणाले, “आत जाऊन मी तिला काय सांगू?”

 फुंकरनं वायर काढली, गुंडाळली, डिस्क तिच्या डबीत ठेवली, झाकण लावलं. पाणी प्याला. अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. लॅपटॉप मिटणार, इतक्यात आवाज झाला.

टुंण्.

काहीतरी जोडलं की होतो ना, तो.

लॅपटॉपला काहीही जोडलेलं नव्हतं. साधा माउससुद्धा नाही.

– मामा, ब्लूटूथ असेल.

फुंकर वीस वर्षं याच धंद्यात होता, बाळा. त्यानंही आधी तेच बघितलं. बंद होतं. आणि यादीत एक डिस्क आली होती. नाव ‘घर’. काकूंनी दिलेलं. आत एक्केचाळीस फाइली.

त्याच्या अंगावर काटा आला. डबी उचलून बघावी म्हणून हात पुढे केला, पण अण्णांनी तोवर पहिल्या फाइलीवर बोट दाबलं होतं.

“दुधाखालचा गॅस बंद करा. दुधाखालचा गॅस बंद करा.”

तोच आवाज. लख्ख. अण्णा आधी हसले आणि मग त्यांचे डोळे भरले. दुसरी लावली. तिसरी. “चष्मा डोक्यावरच आहे. चष्मा डोक्यावरच आहे.” फुंकरलाही हसू आलं. म्हणाला, भीती कुठल्या कुठे गेली माझी, वाटलं, कशी का लागेना, लागली ना. अण्णा एकेक वाक्य चारचारदा ऐकत होते. “मुलीला फोन करा, ती करणार नाही.” “माझ्या साड्या लगेच वाटू नका.” प्रत्येक वाक्य दोनदोनदा.

“मोठा कर रे आवाज,” अण्णा म्हणाले. “आत तिलाही ऐकू जाऊ दे.”

यानं पूर्ण मोठा केला. घर दणाणून गेलं.

एक्केचाळिसावी लागली. “बास, झालं. आता झोपा. आता झोपा.”

संपलं.

आणि यादीत खाली आणखी एक फाइल आली.

“अजून आहे!” अण्णा लहान मुलासारखे म्हणाले. “बघ, तिनं मोजण्यात चूक केली.”

बेचाळीस.

“अहो… पाणी.”

एकदाच. दोनदा नाही.

अण्णा वाट बघत राहिले, पुन्हा म्हणेल म्हणून. ती म्हणाली नाही. फुंकरचं लक्ष फाइलीपुढच्या वेळेकडे गेलं. अकरा अडतीस. लॅपटॉपच्या कोपऱ्यात घड्याळ… अकरा एकोणचाळीस.

 वेळ चुकीची पडली असेल… असं म्हणत होता तो मनात.

त्रेचाळीस. आपोआप लागली.

“चमचा पडला हातातून.”

अण्णांचं हसू तोंडावर तसंच राहिलं. गोठल्यासारखं.

चव्वेचाळीस.

“आवाज कमी करा ना… मला… मला…”

मग नुसती घरघर.

अण्णा खुर्ची पाडून उठले. आत धावले. फुंकर मागे.

चमचा जमिनीवर होता. ग्लास आडवा. काकूंची मान दाराकडे वळलेली. डोळे उघडे.

नळीत कफ अडकला होता.

डॉक्टर पहाटे आले. जाता जाता सहज बोलून गेले, “दोन मिनिटं आधी कुणी पोचलं असतं तर निभावलं असतं.” त्यांना काय माहीत.

फुंकर बाहेर आला तेव्हा लॅपटॉपची यादी कोरी होती. डिस्क डबीत. वायर गुंडाळलेली. त्यानं डबी तिथेच सोडली. महिन्याभरात दुकान विकलं. आता कुठेतरी गोदामात नोकरी करतो. मला हे सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, “अण्णांनी मला त्या रात्री एकच विचारलं. पाणी म्हणाली तेव्हा आपण उठलो का नाही रे?”

– मग अण्णा?

अण्णा सहा महिने होते. कुणाशी बोलले नाहीत. मी डबा घेऊन जायचो, तो तसाच परत यायचा. मे महिन्यात तेही गेले. मुलीनं घराची किल्ली माझ्याकडे दिली, जूनमध्ये वीज तोडून घेतली.

पुढच्या फेब्रुवारीत घर विकायला काढलं, तेव्हा मीच गेलो आवराआवर करायला. एकटा. आठ महिने बंद घर. भिंती गार, फरशी गार, पाय ठेववत नव्हता. टेबलाच्या खणात ती डबी होती. वर धुळीचा थर… बोट फिरवलेलं नाही कुणी. झाकण उघडलं. आत डिस्क. वायर नाही, काही नाही.

मी ती हातात घेतली.

गरम होती… नुकतीच कुणीतरी चालू ठेवून काढल्यासारखी.